थायरॉइडची गोळी, घरपोच रक्ततपासणी आणि एक महागडा आहार-आराखडा : साडेतीन वर्षांच्या वापरानंतरचे मत

फेब्रुवारी २०२२ मध्ये माझ्या रक्तातील टीएसएच, म्हणजे थायरॉइडची अवस्था सांगणारा आकडा, १८.४ निघाला आणि तेव्हापासून मी तीन गोष्टींची ग्राहक झाले : रोज सकाळची लिव्होथायरॉक्सिनची गोळी, घरी येऊन रक्ताचा नमुना नेणारी एका प्रयोगशाळेची सेवा आणि, माझ्याच उतावळेपणापायी, बारा आठवड्यांचा एक ऑनलाइन आहार-आराखडा. व्यवसायाने मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे तारखा, आकडे आणि पावत्या जपून ठेवण्याची खोड मला आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्या वहीच्या आधारे. गोळीला मी पूर्ण गुण देते, तपासणीच्या सेवेला निम्म्याहून थोडे अधिक आणि आहार-आराखड्याला एकही नाही. मात्र गोळीला पूर्ण गुण देताना हेही कबूल करायला हवे की पहिल्या दीड वर्षात तिने माझ्यावर नीट काम केले नाही, आणि त्यात दोष गोळीचा नव्हता.

आधी आजाराबद्दल थोडे. त्या हिवाळ्यात मला साताऱ्याची थंडी नेहमीपेक्षा जास्त बोचत होती, मार्च उजाडला तरी स्वेटर निघत नव्हता, आवाज घोगरा झाला होता, केस कंगव्यात गोळा होत होते आणि दुपारी तीनच्या सुमारास वाचनालयातील टेबलावर डोके टेकावेसे वाटे. वय ४६ होते, त्यामुळे घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या बायकांनी ‘पाळी जायच्या वेळेला असंच होतं गं’ असा निकाल एकमताने देऊन टाकला होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र माझ्या तपासणीतील एलडीएल कोलेस्टेरॉल १६८ आलेले पाहिले आणि त्यावर औषध लिहिण्याआधी टीएसएच करून घ्यायला सांगितले. अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावली की यकृताकडून रक्तातील कोलेस्टेरॉल उचलण्याचा वेग कमी होतो आणि आकडा वाढतो, हे त्यांनी तेव्हा सांगितले ते मला नीटसे कळले नव्हते. पुढे सहा महिन्यांनी, कोलेस्टेरॉलची एकही गोळी न घेता तोच आकडा १२१ वर आला तेव्हा कळले.

टीएसएच हा आकडा उलटा चालतो आणि निम्मे लोक तिथेच गोंधळतात. शेतावर मुकादम असतो, मजूर असतात. मजुरांचे हात मंदावले की मुकादमाचा आवाज चढतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हा मुकादम, गळ्यातील थायरॉइड हा मजूर, आणि टीएसएच म्हणजे मुकादमाच्या आवाजाची पट्टी. म्हणून थायरॉइड कमी काम करते तेव्हा टीएसएच वाढतो, आणि माझी एक सहकारी ‘माझा थायरॉइड वाढलाय’ असे सांगते तेव्हा बहुतेक वेळा तिचा थायरॉइड कमी झालेला असतो. प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ हा टप्पा बहुतेक प्रयोगशाळा सामान्य मानतात. माझा १८.४ होता, शिवाय फ्री टी-४ हे थायरॉइडमधून स्रवणारे संप्रेरक ०.६ म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली होते, त्यामुळे ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणायला जागा उरली नव्हती. टीएसएच किंचित वाढलेला आणि फ्री टी-४ सामान्य असेल तर पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मगच निर्णय घेतात. टीएसएच १० च्या वर गेला की सहसा औषध सुरू करतात.

अँटी-टीपीओ नावाची प्रतिपिंडेही माझ्या रक्तात भरपूर निघाली, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वतःच्या थायरॉइडवर उलटली होती. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, म्हणून त्याला हाशिमोतोचे नाव आहे. ही चाचणी आयुष्यात एकदा पुरते, कारण प्रतिपिंडांचा आकडा वर गेला काय किंवा खाली आला काय, गोळीची मात्रा त्यावर ठरत नाही. हे मला माहीत असते तर पुढच्या वर्षी प्रयोगशाळेने आग्रह करून पुन्हा करायला लावलेल्या त्याच चाचणीचे पैसे वाचले असते. आणि हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली होती. आमच्या महाविद्यालयाच्या कर्मचारी-कक्षात हे प्रमाण त्याहूनही जास्त असावे असा माझा कयास आहे. निदान सकाळी चहाला ‘अजून अर्धा तास नको’ म्हणणाऱ्या आम्ही चौघी तरी आहोत.

आता गोळी. लिव्होथायरॉक्सिन म्हणजे आपली ग्रंथी जे टी-४ संप्रेरक बनवते, तेच हुबेहूब, कारखान्यात बनवलेले. ‘आयुष्यभर औषध घ्यायचे’ या कल्पनेने मी पहिल्या आठवड्यात रडले होते. पण हे बाहेरचे काही नसून शरीराची जी तूट आहे तीच रोज भरून काढायची आहे, हे डॉक्टरांनी समजावल्यावर त्यातला अर्धा भार उतरला. उरलेला अर्धा एका जुन्या हकिगतीने उतरला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी १८९१ मध्ये थायरॉइड पूर्ण मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती तेव्हा ४६ वर्षांची होती, म्हणजे माझ्याच वयाची, आणि त्यानंतर आणखी २८ वर्षे जगली. एवढ्या काळात तिला लागलेल्या अर्कासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या असे सांगतात. पुढे १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही करता आले. मेंढ्यांच्या त्या कळपाऐवजी आज माझ्या हातात १२० गोळ्यांची एक छोटी बाटली येते आणि ती चार महिने पुरते.

मी थायरोनॉर्म घेते. एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावेही आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतात. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि मला एक गोळी दीड-दोन रुपयांना पडते. वर्षाचा खर्च सातशे रुपयांच्या आतबाहेर जातो. ज्या औषधावाचून मी दुपारी टेबलावर डोके टेकून बसत होते त्याची ही किंमत असेल तर तक्रारीला जागा नाही. शिवाय मात्रांची निवड भरपूर आहे : २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम तर आहेतच, पण ६२.५, ८८, ११२ अशा मधल्या मात्राही मिळतात, त्यामुळे गोळी अर्धी तोडण्याची वेळ सहसा येत नाही. ग्रंथी पूर्ण निकामी असेल तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असा ढोबळ हिशेब डॉक्टर करतात. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात होते. माझी सुरुवात ५० ने झाली, दोन महिन्यांनी ७५ आणि आता ८८.

दोन महिने का, हा प्रश्न मी तेव्हा अधीरपणे विचारला होता. टी-४ चे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असते, म्हणून नव्या मात्रेची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि मुकादमाला ती बातमी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात केलेला टीएसएच अर्धवट शिजलेल्या भातासारखा असतो; त्यावरून पाणी वाढवावे की कमी करावे हे ठरवता येत नाही. मी तो तसा केला होता, मोबाइलवर एक सवलत दिसली म्हणून, आणि ११.६ हा आकडा पाहून औषध लागू पडत नाही अशी समजूत करून घेतली होती. याच सात दिवसांच्या अर्धायुष्याचा एक फायदाही आहे : एखादा दिवस गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही, आठवल्यावर घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशीच आठवली तर काय करायचे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

गोळीची खरी अडचण तिच्यात नाही, आपल्या सकाळीत आहे. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या किमान अर्धा तास आणि शक्यतो तासभर आधी घ्यायची असते, आणि आपल्याकडे डोळे उघडल्यावर पहिली हालचाल चहाच्या आधणाकडे होते. पहिले वर्ष मी गोळी घेतली आणि पाच मिनिटांत दुधाचा चहा घेतला. ‘चहा म्हणजे काही जेवण नव्हे’ हा माझा युक्तिवाद होता. डॉक्टरांनी विचारले की ‘रिकाम्या पोटीच घेता ना?’ आणि मी शपथेवर हो म्हटले, कारण माझ्या मते पोट रिकामेच होते. दूध, चहा, कॉफी यांमुळे गोळी आतड्यातून कमी शोषली जाते. त्यात भर म्हणून टाच दुखते म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी कॅल्शियम लिहून दिले, हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी आली, आणि या सगळ्यांनी पोटात जळजळ होते म्हणून औषधाच्या दुकानातून पँटोप्राझोल. सकाळी विसरायला नको म्हणून मी चारही गोळ्या एकत्र, एका घोटात घेत असे आणि स्वतःच्या शिस्तीचे मला कौतुक वाटे.

परिणाम असा झाला की ३.१ वर आलेला टीएसएच मे २०२३ मध्ये ९.२ झाला. कॅल्शियम व लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात व या गोळीत चार तासांचे अंतर हवे. पँटोप्राझोल जठरातील आम्ल कमी करते आणि गोळी विरघळायला ते आम्ल लागते. डॉक्टर मात्रा वाढवणारच होते, पण त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवले आणि विचारले, “मॅडम, सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत तुम्ही काय काय तोंडात घालता, ते मिनिटांसकट सांगा.” साडेतीन वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत उपयुक्त तपासणी, आणि तिला सुई लागली नाही की पैसे पडले नाहीत. त्या दिवसापासून गोळी पहाटे साडेपाचला, उशाशी ठेवलेल्या तांब्यातील पाण्याबरोबर, चहा साडेसहाला, लोह दुपारी जेवणानंतर आणि कॅल्शियम रात्री. आम्लाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंदच झाली, कारण जळजळ लोहाच्या गोळीने होत होती. मात्रा न वाढवता दोन महिन्यांनी आकडा ४.४ वर आला. ८८ ची पायरी त्यानंतरची. पहाटे उठणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी, गोळी घेण्याचाही मार्ग आहे. माझ्या बहिणीला तो मानवला, कारण ती जेवते साडेसातला आणि झोपते अकराला. आमच्याकडे जेवणच साडेनऊला होते.

बाटलीबद्दल दोन गोष्टी. ही गोळी उजेड, उष्णता आणि दमट हवेने खराब होते, म्हणून ती मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवावी. आठवड्याच्या सात खणांची प्लास्टिकची डबी दिसायला सोयीची असली तरी साताऱ्याच्या जुलैमध्ये तिच्यातील गोळ्या पिठूळ झालेल्या मी पाहिल्या आहेत. स्वयंपाकघरातील गॅसच्या वरचे फडताळ ही तर सर्वांत वाईट जागा, आणि आपल्याकडे औषधे नेमकी तिथेच असतात. दुसरे म्हणजे कंपनी. एकदा दुकानदाराने ‘ताई, तेच औषध आहे, कंपनी दुसरी’ असे म्हणून वेगळी बाटली दिली. औषध खरोखर तेच असते आणि दुसऱ्या कंपनीची गोळी वाईट असते असेही नाही. पण या औषधात थोडासा फरकही आकड्यात दिसू शकतो, म्हणून शक्यतो एकच कंपनी धरावी आणि बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. दुकानदाराने हे सांगायला हवे होते. बाटलीवरचा मायक्रोग्रॅमचा आकडा मात्र प्रत्येक वेळी आपणच वाचावा. ७५ आणि ८८ च्या बाटल्या दुरून सारख्याच दिसतात.

तपासणीच्या सेवेकडे वळते. प्रयोगशाळेचे नाव मी घेत नाही, कारण तक्रारी ज्या आहेत त्या बहुधा या धंद्याच्याच आहेत. आधी चांगले सांगते. ॲपवर वेळ नोंदवता येते, सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान मुलगा येतो, हातमोजे नवे असतात, सुईचे पाकीट समोर फोडतो, नळीवर नाव आणि बारकोड समोरच चिकटवतो, आणि तो चिकटवण्याआधी मला माझे पूर्ण नाव व वय स्वतः उच्चारायला लावतो. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण नमुन्यांची अदलाबदल तिथेच टळते. अहवाल संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो आणि मागच्या आकड्यांचा आलेखही दिसतो. अहवालावर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह असते. फक्त टीएसएच केला तर घरी येण्याच्या शुल्कासह मला चारशे रुपयांच्या आसपास पडतात आणि रांगेत उभे राहून अर्ध्या दिवसाची रजा घालवण्यापेक्षा ते परवडते.

तक्रारीची सुरुवात ‘फक्त टीएसएच’ या शब्दांपासून होते, कारण फक्त टीएसएच मागणारा ग्राहक त्यांना रुचत नाही. नोंदणी झाली की दहा मिनिटांत फोन येतो : मॅडम, एवढ्याच पैशांत थोडे जास्त भरून टी-३, टी-४, टीएसएच घ्या, त्याहून थोडे जास्त भरले तर सत्तर-बहात्तर चाचण्यांचे पॅकेज आहे. निदान होऊन गोळी सुरू असलेल्या माझ्यासारख्या रुग्णाला मात्रा ठरवण्यासाठी टीएसएच पुरतो, कधी डॉक्टरांनी सांगितले तर जोडीला फ्री टी-४; टी-३ या थायरॉइडच्या दुसऱ्या संप्रेरकाचा या कामी उपयोग नसतो, आणि अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने तर तो या कारणासाठी करू नये असे स्पष्ट सुचवले आहे. मी दोनदा मोठ्या पॅकेजला बळी पडले. दोन्ही वेळा बहात्तरपैकी चार-पाच आकडे लाल रंगात आले, त्यांतला एकही कामाचा निघाला नाही, पण त्यांच्या काळजीत पंधरा-पंधरा दिवस गेले. लाल रंग छापायला फुकट आणि वाचायला महाग असतो.

वेळेबद्दल ही सेवा गाफील आहे. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे एकदा सकाळी सातला आणि पुढच्या खेपेला दुपारी तीनला दिलेल्या नमुन्यांची तुलना फसवी ठरते. टीएसएचसाठी उपाशी राहण्याची तशी सक्ती नाही; महत्त्वाचे आहे ते दर वेळी साधारण एकाच वेळी नमुना देणे आणि त्या दिवशीची गोळी नमुन्यानंतर घेणे, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ वर चढलेला दिसतो. ॲपवर मात्र उपाशी राहण्याची सूचना ठळक अक्षरांत येते आणि गोळीबद्दल एक अक्षर नसते. मुलगा उशिरा आला की मी गोळी व चहा दोन्ही थांबवून खिडकीशी उभी असते, आणि त्या चाळीस मिनिटांत माझा स्वभाव घरातल्यांनी सहन केलेला आहे.

सर्वांत गंभीर प्रसंग ऑक्टोबर २०२४ चा. टीएसएच ०.२१ आणि फ्री टी-४ २.३ असा अहवाल आला, म्हणजे मात्रा फार जास्त होते आहे असे दिसावे. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे झिजू शकतात, हे मी वाचलेले होते, त्यामुळे रात्रभर स्वतःची नाडी मोजत बसले. ती ७२ होती, आणि सकाळीही ७२. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “केसांसाठी काही घेता का?” घेत होते. भाचीने दिलेली बायोटिनची गोळी, रोज १० मिलिग्रॅम, गेले पाच आठवडे. अनेक यंत्रांवरील या चाचण्यांमध्ये बायोटिन हेच जोडणीचे साधन म्हणून वापरलेले असते. रक्तात बाहेरून घेतलेले बायोटिन खूप असले की ते त्या जोडणीत घुसते आणि टीएसएच खोटा कमी व फ्री टी-४ खोटा जास्त दाखवते. शरीरात काहीच बिघडलेले नसते, बिघडलेला असतो तो फक्त कागद. किमान दोन दिवस आधी ती गोळी थांबवावी लागते. मी आठवडाभर थांबवली, पुन्हा नमुना दिला आणि टीएसएच २.९ आला. मी प्रयोगशाळेला लिहिले की नमुना घेताना ‘बायोटिन किंवा केसांच्या गोळ्या चालू आहेत का’ एवढा एक प्रश्न तुमच्या मुलाने विचारावा. आभाराचा संदेश आला, आणि सोबत संपूर्ण शरीर तपासणीवर सवलतीचा कूपन. प्रश्न अजूनही कोणी विचारत नाही. थायरॉइडमुळे ज्यांचे केस गळतात त्याच बायका बायोटिन घेतात, म्हणजे नेमक्या याच चाचणीच्या ग्राहक. इतके साधे गणित असूनही.

प्रयोगशाळा बदलायची असेल तर एककाकडे लक्ष द्यावे. टीएसएच वेगवेगळ्या एककांत छापला तरी आकडा तोच राहतो, पण फ्री टी-४ एका ठिकाणी १.२ आणि दुसऱ्या ठिकाणी १५.४ असा येऊ शकतो आणि दोन्हींचा अर्थ एकच असतो. माझ्या नणंदेने दुसऱ्या प्रकारचा अहवाल पाहून थेट मुलाला पुण्याहून बोलावून घेतले होते.

आता तो आहार-आराखडा, ज्यावर मी सहा हजार रुपये घालवले. जाहिरातीत ‘बारा आठवड्यांत थायरॉइड मुळापासून बरा, गोळी बंद’ असे होते, आणि त्या वेळी नऊच्या घरातला टीएसएच पाहून मी कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार होते. पहिल्या पानावर वर्ज्य पदार्थांची यादी : कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, सोयाबीन, शेंगदाणे, बाजरी, गहू, दूध. साताऱ्यातल्या घराला शेंगदाणे वर्ज्य म्हणजे उरतेच काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. दुसऱ्या पानावर सकाळी रिकाम्या पोटी धन्याचे पाणी, त्यानंतर खोबरेल तेल, त्यानंतर मेथीचे पाणी. रिकाम्या पोटाला एवढी मागणी असेल याची मला कल्पना नव्हती. माझ्या दीड रुपयाच्या गोळीला त्या रांगेत जागाच उरली नाही, आणि ‘गोळी हळूहळू कमी करा’ असे सल्लागार बाई तिसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या. मी ते केले नाही, एवढीच माझी जमेची बाजू.

यादी पूर्णपणे खोटी नव्हती, हीच तिची खुबी. कोबीवर्गीय भाज्यांत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे, पण शिजवल्यावर ती बरीच कमी होतात, आणि आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या माणसाला नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या कोबीच्या भाजीने बाधा होत नाही. बाजरीचेही तसेच : सुदानच्या दारफूर भागात, जिथे आयोडीनची टंचाई आणि रोजचे अन्न मुख्यतः बाजरी, तिथे गलगंडाशी तिचा संबंध संशोधकांनी जोडला आहे. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात हिवाळ्यात खाल्लेल्या बाजरीच्या भाकरीला तो आरोप लागू करणे म्हणजे फारच झाले. त्या वर्षी भोगीला मी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ती मिसळीची भाजी ताटात घेतली नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताट त्यांनी दोनदा माझ्याकडे सरकवले. पुढच्या वर्षी दोन भाकऱ्या खाल्ल्या. टीएसएच जागचा हलला नाही. सोयाबीनचा मुद्दा वेगळा आहे : ते गोळीच्या शोषणात आड येते, म्हणून गोळीच्या जवळपास नको, पुढे दिवसभरात चालते.

मिठाबद्दल मात्र त्या आराखड्याने खरे नुकसान केले असते. साधे मीठ सोडून सैंधव वापरा, असा त्यात आग्रह होता. सैंधवात सहसा आयोडीन घातलेले नसते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, आणि घरी पोचणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावे असा आपल्याकडे नियम आहे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटवून दाखवला, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या साऱ्या खटाटोपाचे फळ म्हणजे आपल्या डब्यातील पांढरे मीठ. चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीत सैंधव असावे, त्याला हरकत नाही; बाराही महिने घरातल्या सगळ्यांना तेच घालू नये, विशेषतः घरात गरोदर सून असेल तर. याच्या उलट टोकही आहे. त्याच आराखड्याच्या सातव्या आठवड्यात समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुचवल्या होत्या, ज्यांत आयोडीन अतोनात असते. हाशिमोतोच्या रुग्णाला जास्तीचे आयोडीन आणखी त्रासदायक ठरू शकते. एकाच वहीत आधी आयोडीन काढून घ्यायचे आणि मग ओतायचे, हे पाहून मी पैसे परत मागितले. मिळाले नाहीत.

आहाराचा माझ्यापुरता उरलेला भाग छोटा आहे. बद्धकोष्ठतेसाठी भाज्या, डाळी, ज्वारीची भाकरी. इसबगोल घेतलेच तर रात्री, गोळीपासून लांब. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू. वजन ७१ वरून ६७.५ झाले, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की थायरॉइडमुळे वाढलेले वजन बहुधा थोड्याच किलोंचे असते, त्यातही बरेचसे पाणी, म्हणून उरलेल्या किलोंचा जाब थायरॉइडला विचारू नका. तो जाब आता मी संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढाला देते, आठवड्यातून चार दिवस, पावसात दोन.

सध्या मात्रा ८८, मागचा टीएसएच २.४, आणि आकडे स्थिर असल्याने तपासणी सहा महिन्यांवर गेली आहे. पुढची याच शनिवारी आहे. बायोटिन घरात नाही, उशाशी तांब्या आहे, आणि मुलगा साडेसहाला येईल असे ॲप म्हणते. मागच्या खेपेला तो सात वाजून दहा मिनिटांनी आला होता.